दिवसातून चार वेळा ‘हुश्श’

प्रश्न थोडक्यात असा: वय 44. घर बडोद्यात मांजलपूरला, नोकरी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत, अकाउंट्सची. मुलगा बारावीला, नवऱ्याची शिफ्ट ड्यूटी, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या बराच वेळ झोपाळ्यावर बसून असतात. सकाळी साडेपाचला सुरू झालेला दिवस रात्री अकराला आटोपतो. खांदे दगड झालेत, संध्याकाळी डोकं जड होतं, रात्री तीनला जाग येते आणि जीएसटीचे आकडे डोळ्यांपुढे फिरायला लागतात. रक्त, थायरॉइड, बीपी सगळं तपासून झालं, ठीक निघालं. ध्यानाचं ॲप घेतलं, चार दिवस केलं, पाचव्या दिवशी ‘तुमचा एक दिवस चुकला’ असा मेसेज आला आणि त्याचाच संताप आला. शेवटी ताईंनी लिहिलंय: “वेळ आणि पैसा दोन्ही न लागणारं काही असेल तर सांगा. ‘टेन्शन नहीं लेवानुं’ एवढंच सांगणार असाल तर राहू द्या. आणि सासूबाईंना झोपाळ्यावर बसू द्यायचं की नाही, तेही सांगा.”

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मनाची डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. 26 वर्षं बडोद्यात लोकांच्या माना, खांदे आणि कंबरा हाताळतेय. माझ्याकडे कुणी ‘मला ताण आहे’ म्हणून येत नाही. ‘मान अवघडलीय’ म्हणून येतात. टेबलावर पालथं झोपवून खांद्याला हात लावला की घरात काय चाललंय त्याचा अर्धा अंदाज येतो. तेव्हा माझं उत्तर शरीराकडून डोक्याकडे जाणारं असेल. डोक्याला आधी समजवायला गेलं तर ते वाद घालतं. खांदा वाद घालत नाही.

पुस्तकांत ताण समजवायला वाघाचं उदाहरण देतात. आपल्याला वाघ कशाला हवा? आपल्याकडे मगरींची विश्वामित्री नदी आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या, ते तुम्हीही पाहिलं किंवा ऐकलं असेल. समजा तुम्ही जिन्याचं दार उघडलंत आणि पायरीवर मगर. पुढच्या क्षणी काय होतं? ॲड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वरच्या वर चालतो, मान वाचवायला खांदे कानांकडे चढतात, दात आवळले जातात, पोटातलं पचनाचं काम थांबतं, रक्त पायांकडे धावतं. तुम्ही धाडकन दार लावता. मगरीला पकडून नेतात. तुम्ही पायरीवर बसता आणि तोंडातून आपोआप निघतं, ‘हुश्श!’ थोड्या वेळाने भूकही लागते.

यात बिघाड कुठेच नाही. ही यंत्रणा फार चांगली आहे. फक्त ती मगरीसाठी आहे, महिन्याच्या 11 आणि 20 तारखेसाठी नाही. रिटर्न भरायच्या तारखेची मगर पायरीवरून जात नाही, कंपाउंडमध्येच बसून राहते. आणि गेली तरी पुढच्या महिन्याची तोवर आत आलेली असते. शरीराला ‘गेली बाई एकदाची’ हा निरोपच मिळत नाही. म्हणून खांदे चढले ते चढलेलेच. तुमचं म्हणणं ताण येतो असं नाहीये, नीट वाचलंत तर. तो उतरत नाही, असं आहे. ताण येऊ नये म्हणून तुम्ही नोकरी सोडणार नाही, मुलाची बारावी टळणार नाही. उतरवायचा कसा, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते बऱ्यापैकी आहे.

त्या ‘हुश्श’कडे परत या. माझी आजी दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात राहायची. दुपारची झाकपाक झाली की ती माजघराच्या उंबऱ्याला टेकून बसायची, पदराने वारा घ्यायची आणि म्हणायची, “हुश्श, झालं बाई.” त्यानंतरची पाच मिनिटं तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरातला न सांगितलेला नियम. मग उठून ती पुढच्या कामाला लागायची. जुना काळ निवांत होता असलं काही मी म्हणत नाही. त्या बायकांच्या पाठीचे मणके मी नंतर पाहिलेत. पण तिच्या कामाला शेवट होता. पोळ्या संपायच्या, चूल विझायची, भांडी पालथी पडायची. प्रत्येक शेवटाला एक उसासा. तुमच्या कामाला तसा शेवट नाही. डबे भरता भरता ऑफिसचा ग्रुप वाजतो, ऑफिसात मुलाच्या क्लासचा मेसेज येतो, घरी येऊन कुकर लावताना उद्याचं बँक रिकन्सिलिएशन डोक्यात. एक काम दुसऱ्यात सांडतं. मला वाटतं, ध्यान जमण्याआधी तुम्हाला हा उसासा परत मिळवायला हवा.

यात जादू नाही, साधी यंत्रणा आहे. आत्ता डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवा आणि नाडी शोधा. श्वास आत घ्या: नाडी किंचित जलद होते. हळूहळू सोडा: मंदावते. सगळ्यांनाच बोटांना स्पष्ट जाणवत नाही, पण होतं बहुतेकांत. श्वास सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाचा लगाम ओढते. म्हणजे सोडण्याचा वेळ लांबवला की लगाम जास्त वेळ ओढलेला राहतो. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो; तेच सहाच्या आसपास आणले तर नाडी आणि रक्तदाब यांची लय एकमेकांशी जुळायला लागते.

आणि म्हणूनच ‘खोल श्वास घ्या’ या सल्ल्याचा मला राग आहे. सगळे देतात, डॉक्टरही देतात. माझ्या समोर बसलेल्या दहा जणांना खोल श्वास घ्या म्हटलं की बहुतेक जण काय करतात माहितीय? छाती फुगवतात, गळ्याखालची हाडं वर ओढतात, खांदे अजून चढवतात, आणि भराभर पाच-सहा मोठे श्वास ओढून म्हणतात, “चक्कर आल्यासारखं होतंय.” होणारच. जास्तीचे मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. घेण्याची काळजी करू नका. पूर्ण सोडा, घेणं आपोआप होतं.

कृती अशी. नाकाने श्वास घ्या, नेहमीइतकाच. तो संपत आला की नाकानेच वर एक छोटा घोट घ्या, जशी रडून झालेली लहान मुलं घेतात. मग तोंडाने, ओठ थोडे मिटून, गरम चहावर फुंकर मारावी तितक्या हळू सगळा सोडा. खांदे त्याच्याबरोबर खाली जाऊ द्या. असं तीन वेळा. अर्धा मिनिट लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला: रोज फक्त 5 मिनिटं, महिनाभर. श्वासाच्या तीन पद्धती आणि शांत बसून श्वासाकडे बघण्याचं ध्यान यांची तुलना केली, तेव्हा मन प्रसन्न राहण्यात या उसाशाच्या पद्धतीने सगळ्यांत जास्त फरक पडलेला दिसला. पाच मिनिटं तुमच्याकडे नाहीत असं तुम्ही म्हणाल, म्हणून मी तीन श्वास सांगतेय. तीनने पाच मिनिटांचा फायदा होतो असा माझा दावा नाही. पण न केलेल्या पाच मिनिटांपेक्षा केलेले तीन श्वास बरे, हे मी रोज बघते.

वेळ ठरवू नका, अलार्म लावू नका. तुमच्या ॲपसारखंच होईल. एखादं काम संपलं की त्याच्या शेपटाला हे तीन श्वास बांधा. तुमच्या दिवसात मला चार शेवट दिसतात. डबे भरून गॅसचं बटण बंद केलं, तिथे ओट्यापाशी. कंपनीच्या पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढलं, तिथे. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला की स्क्रीन काळी होईपर्यंत. आणि घरी दाराबाहेर चपला काढताना, बेल वाजवायच्या आधी. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा; ऑफिसची मगर बाहेरच राहिली पाहिजे. स्कूटर चालवताना मात्र काही करायचं नाही, मकरपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये डोळे आणि लक्ष दोन्ही रस्त्यावर हवेत. हसू येत असेल तर तोंडाने मोठ्याने ‘हुश्श’ म्हणूनच सोडा. शेजारणीला वाटेल जिना चढून दमल्या.

बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरायचे प्रकार स्वतःच्या मनाने करू नयेत. वर सांगितलंय त्यात रोखणं कुठेच नाही.

हे योगातलं की विज्ञानातलं, असं मला हमखास विचारतात. आपल्या गावात हा प्रश्न निघावा याची मला गंमत वाटते. डभोईला 1883 साली जन्मलेले आणि बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी 1920 च्या सुमारास इथल्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं ते विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. लोणावळ्याचं कैवल्यधाम त्यानंतर, 1924 मध्ये. म्हणजे श्रद्धा बाजूला ठेवून मोजून बघा, हे सांगणारा माणूस आपल्या तालमीतलाच.

आता खांदे. ताणलेल्या स्नायूचं एक वाईट असतं: तासाभराने तो ताणलाय हेच आपल्याला कळेनासं होतं. मंगळ बाजारात दुकान असलेले एक काका माझ्याकडे मानेसाठी यायचे. मी त्यांचा उजवा हात कोपरापाशी आणि मनगटापाशी खालून उचलून धरला आणि म्हटलं, “काका, हात माझ्या हातात सोडून द्या.” “सोडला.” मी माझे दोन्ही हात हळूच काढून घेतले. त्यांचा हात तिथेच, हवेत, खुंटीला टांगल्यासारखा. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्या हाताकडे. मग त्यांनीही पाहिलं आणि हसले. “पण मी तर सोडला होता!” त्यांना खरंच तसं वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात मी हात काढून घेतले आणि त्यांचा हात धप्पकन गादीवर पडला. “पडला की!” म्हणाले, लहान मुलासारखे. मानेचं दुखणं त्यानंतरच कमी व्हायला लागलं.

सोडणं हे शिकावं लागतं, सायकलसारखं. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1920 च्या दशकात हेच शिकवायची पद्धत बसवली: स्नायू आधी मुद्दाम आवळा, मग सोडा, आणि दोन्हींतला फरक लक्ष देऊन बघा. त्यांची मूळ पद्धत लांबलचक आहे, एकेका स्नायूवर दिवसच्या दिवस. तुमच्यासाठी छोटी देते. खुर्चीत बसून दोन्ही खांदे कानांकडे ओढा, पूर्ण जोराने नाही, निम्म्या. पाच मोजा. मग ‘हुश्श’बरोबर एकदम सोडा, हळूहळू उतरवू नका. आता खरं काम: वीस सेकंद काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं. खांदे किती खाली आहेत, कुठे ऊब वाटतेय, डावा-उजवा सारखा आहे का. लोक आवळणं आणि सोडणं दोन्ही करतात आणि हे वीस सेकंद गिळतात. मग ‘फरक पडत नाही’ म्हणतात. फरक त्या वीस सेकंदांत असतो. तीन वेळा करा, दुपारच्या जेवणानंतर, जागेवरच. मुठींचं आणि पोटऱ्यांचंही असंच, पण पोटऱ्या जोरात आवळू नका, पेटका येतो.

जबड्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण संध्याकाळी डोकं जड होतं म्हणालात, म्हणून विचारते: आत्ता हे वाचताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेत का? दात फक्त चावताना आणि गिळताना लागायला हवेत, एरवी नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जिभेचं टोक वर, ‘न’ म्हणताना टेकतं तिथे. ही जबड्याची विश्रांतीची जागा. कानशिलावर बोटं ठेवून दात आवळून बघा, तिथला स्नायू फुगलेला हाताला लागेल. तोच दिवसभर आवळलेला राहिला की संध्याकाळी डोकं धरतं.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतेय तेही ऐका. काही वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली होती, त्या वर्षी मी दिवसभर दवाखान्यात लोकांना ‘सोडा, सोडा’ म्हणत होते आणि रात्री झोपेत दात खात होते. एका सकाळी पोहे खाताना दाढेचा तुकडा हातात आला. दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, पाहिलं आणि विचारलं, “कुणावर दातओठ खाताय?” कुणावर नव्हते हो खात. माझं उतरतच नव्हतं. तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवलेली आहे. तिच्याकडे नजर गेली की दात सुटे करायचे, बस्स. महिन्याभराने तिच्याकडे लक्ष जाईनासं होतं, मग जागा बदलते. तुम्हीही लावा, ऑफिसात कुणी विचारलं तर नजर लागू नये म्हणून लावलीय म्हणा.

झोपाळ्याकडे वळते, कारण तुमच्या घरातलं सगळ्यात चांगलं औषध तुम्ही सासूबाईंच्या गुडघ्यांपुरतंच धरलंय. होम व्हिजिटला जाते तेव्हा आपल्या बडोद्याच्या घरांमधले झोपाळे मी बघते. निम्म्यांवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असतो. हॉलमधली सगळ्यात महागाची कपडे ठेवायची जागा! गुजराती शेजाऱ्यांकडून आपण हिंचका घेतला खरा, पण त्यांची ‘निरांत’, म्हणजे निवांतपणा, घ्यायची राहून गेली. जिनिव्हा विद्यापीठात 2011 मध्ये काही जणांना दुपारी हलत्या पलंगावर झोपवून पाहिलं. चार सेकंदांना एक, असा संथ झोका. स्थिर पलंगापेक्षा त्यांना झोप लवकर लागली आणि गाढ झोपेकडेही ते लवकर गेले. बाळाला पाळण्यात घालणाऱ्या कुठल्याही बाईला यात नवल वाटणार नाही. आपला झोपाळा त्याहून जरा जलद झुलतो, पण चालेल.

रात्रीचं आटोपल्यावर कपडे उचला आणि दहा मिनिटं बसा. पाठ पूर्ण टेकलेली, हात मांडीवर उताणे. एका पायाच्या चवड्याने अगदी थोडा रेटा, पाय जमिनीवरून फार उचलू नका. कड्यांचा आवाज ऐका. तेल घातलं नसेल तर तो कुईकुई आवाजही चालतो, मला स्वतःला आवडतो. झोका पुढे जाताना श्वास घ्या, पुढच्या मागे-पुढे अशा दोन फेऱ्यांत सोडा. मोजण्यात गोंधळ झाला तर मोजू नका. आणि मोबाइल आत चार्जिंगला. झोपाळ्यावर बसून रील बघणं म्हणजे मगरीला शेजारी बसवून घेणं.

सासूबाई संध्याकाळी दिवा लावून रामरक्षा म्हणत असतील तर तुम्हीही दोन-चार दिवस मोठ्याने म्हणून बघा. भक्तीसाठी म्हणा हा तुमचा प्रश्न, मी श्वासासाठी सांगतेय. एका ओळीला एक श्वास पुरवला की सोडणं आपोआप लांबतं. इटलीतल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र असे दोन्ही लोकांकडून म्हणवून घेतले होते. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. देव कुठला यावर काही अवलंबून नव्हतं. म्हणायचं नसेल तर भाजी निवडताना नुसतं गुणगुणा, ओठ मिटून. 1886 मध्ये गायनशाळा निघालेल्या गावात बेसूर गुणगुणायला कसली लाज.

चहा: संध्याकाळी साडेपाचचा कडक चहा सोडा किंवा दुपारी तीनच्या आत घ्या. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास घेतं. सकाळच्या चहाला मी हात लावत नाही, तो माझाही जीव आहे. चालणं: जेवणानंतर सोसायटीला दोन चकरा, लांब बघत. दिवसभर हातभर अंतरावरच्या आकड्यांवर आवळलेल्या डोळ्यांना लांबचं झाड हीच विश्रांती. रविवारी कमाटी बागेत गेलात तर उत्तम, 1879 पासून ती त्यासाठीच आहे, पण तिथे जाणं हे आणखी एक काम होणार असेल तर जाऊ नका.

आता रात्रीचे तीन. त्या वेळी तुम्ही आकडे फिरवता, कारण दिवसभरात ते कुठे ठेवलेलेच नसतात. तुम्ही हिशेबाच्या बाई, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल: रोजमेळ न जुळवता दुकान बंद केलं तर मालकाला झोप येईल का? झोपण्याआधी पाच मिनिटं एका साध्या वहीत, पेनने, उद्याची कामं लिहा. ‘जीएसटीचं बघणे’ असं मोघम नाही. ‘अमुक पार्टीच्या दोन बिलांचा फरक, सकाळी फोन’ असं नेमकं. मग खाली रेघ मारा आणि बाकी पुढे ओढा. अमेरिकेत 2018 मध्ये झोपेच्या प्रयोगशाळेत हे करून पाहिलं होतं. झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना झोप लवकर लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी जास्त लवकर.

तरी जाग आलीच तर घड्याळ बघू नका; ते उलटं करून ठेवा. पडल्या पडल्या दहा-बारा ‘हुश्श’. साधारण वीस मिनिटांत झोप येण्याचं लक्षण दिसलं नाही तर उठा, मोठा दिवा न लावता हॉलमध्ये या, झोपाळ्यावर बसा. डोळे जड झाले की परत जा. अंथरुणात झोपेशी कुस्ती खेळलात की अंथरूणच कुस्तीचा आखाडा होतं, मग रोज त्याच वेळी शड्डू ठोकला जातो.

एक गोष्ट तुमच्या डॉक्टरांना विचाराच. 44 वय आहे. पाळीच्या तारखा पुढे-मागे व्हायला लागल्यात का, रात्री घाम येऊन जाग येते का, मध्येच अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं का? असेल तर रजोनिवृत्तीच्या आधीचा तो काळ असू शकतो, आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी दोन-दोन वर्षं ते ‘टेन्शन’ म्हणून काढलेलं असतं. छातीत दाब, तो डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, दम लागणं, हे झालं तर श्वासाचे प्रयोग करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. हाताला सतत मुंग्या किंवा पकड कमी वाटली तर मान तपासून घ्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर मला नको, मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येतं.

अजून एक, जरा कडू. काही ताण श्वासाने उतरत नाही, तो वाटून घ्यावा लागतो. तुमच्या प्रश्नात घरातली चार माणसं आहेत आणि कामं सगळी एकीची. बारावीतल्या मुलाला पाण्याच्या बाटल्या भरायला आणि झोपाळ्यावरचे कपडे घडी करायला किती वेळ लागतो? बारा मिनिटं. मोजून बघा. त्याचा त्यात कुठला चॅप्टर बुडत नाही, उलट त्याचीही मान जरा मोकळी होईल. नवऱ्याची सुट्टी किंवा दुपारची शिफ्ट असेल त्या सकाळी डबे त्यांचे. यावर घरात चार दिवस कुरकुर होईल, ती होऊ द्या. त्या कुरकुरीच्या शेवटालाही तीन श्वास बांधता येतात.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त ते चार शेवट आणि टिकली. पहिल्या आठवड्यात काहीही वाटणार नाही, ते गृहीत धरा. एखादा दिवस चुकला तर मेसेज पाठवायला इथे कुणी नाही.

सासूबाईंचा झोपाळा: बसू द्या. पायाने हलका रेटा देताना गुडघा थोडा वाकतो, थोडा सरळ होतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला एवढी हालचाल बरीच असते. धोका उतरताना आहे. म्हातारी माणसं झोका पूर्ण थांबायच्या आत उठतात, मागून पाट पोटऱ्यांना लागतो आणि तोल जातो. आधी झोका पूर्ण थांबवायचा, दोन्ही पाऊलं जमिनीवर टेकवायची, एका हाताने कडी घट्ट धरायची आणि मग उठायचं. पाटाची उंची त्यांच्या गुडघ्याच्या बरोबरीने किंवा दोन बोटं वर असेल तर उठायला सोपं जातं. खाली असेल तर कड्या एकेक दुवा वर घ्या. आणि खालचं पायपुसणं आजच काढून टाका, त्यावरूनच घसरतात.